अलका टॉकीज चौक की अलका टॉकीज स्क्वेअर?

प्रश्न असा आलाय की भाचीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका छापायचीय, नवऱ्यामुलाकडची निम्मी मंडळी लंडनहून येणारेत, आणि कार्यालयाच्या पत्त्यात खूण म्हणून पुण्यातला अलका टॉकीज चौक द्यायचाय. तर तो 'अलका टॉकीज स्क्वेअर' लिहायचा की चौकच ठेवायचा, त्याच्या आधी 'द' लागतो का, आणि 'इन' बरोबर की 'ॲट'.

स्क्वेअर नका करू. पत्रिकेतला पत्ता व्याकरणासाठी नसतो, तो रिक्षावाल्याला वाचून दाखवायला असतो. पाहुण्यांनी स्टेशनवर उतरून अलका टॉकीज स्क्वेअर म्हटलं तर तो बिचारा यांच्या तोंडाकडे बघत बसेल. तसा चौक म्हटलं तरी तो नाहीच म्हणणार, पण निदान आपल्याला कुठे यायचं नाहीये ते तरी त्याला कळेल.

आता यावर कुणी म्हणेल की नागपूरला स्क्वेअर चालतंच की. चालतं, कारण तिथली माणसं बोलतानाच व्हरायटी स्क्वेअर म्हणतात, मेट्रोच्या स्टेशनांची नावंसुद्धा झाशी राणी स्क्वेअर, शंकर नगर स्क्वेअर, अजनी स्क्वेअर अशी आहेत, म्हणजे तिथे ते भाषांतर राहिलेलंच नाही, ते नावच झालंय. मुंबईत किंग्ज सर्कल तसंच. पुण्यात कुणी कुणाला "गुडलक स्क्वेअरला भेटू" म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ज्या गावात जे बोलतात तेच रोमन लिपीत लिहायचं, एवढाच नियम आहे खरं तर, बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं.

शिवाय अर्थानेही ते बसत नाही. इंग्रजांचा स्क्वेअर म्हणजे चारी बाजूंनी इमारती आणि मधे मोकळी फरसबंद जागा नाहीतर बाग, जिथे माणूस बसू शकतो. अलका चौकात बसून दाखवा. लकडी पुलावरून येणारी गर्दी एकीकडून, लक्ष्मी, कुमठेकर, केळकर, टिळक हे विसर्जन मिरवणुकीचे चारही रस्ते येऊन मिळतात ते वेगळे, वर शास्त्री रस्ता आहेच, म्हणजे धड चौकोनसुद्धा नाही तो. इंग्रजीत त्याला सरळ जंक्शन म्हणतील. गंमत म्हणजे पुण्यात स्क्वेअरच्या जवळ जाणारी जागा कुठली तर शनिवारवाड्यासमोरचं पटांगण, आणि त्याला आपण चौक म्हणत नाही. आणि जुन्या वाड्यातला जो आतला चौक असतो, दोन चौकी वाडा म्हणतो आपण तो, तो अगदी चौकोनी, पण त्याला इंग्रजीत स्क्वेअर न म्हणता कोर्टयार्ड म्हणतात! असो.

आणि चौक हा शब्द इंग्रजीला काही नवीन नाहीये. 1886 सालच्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशात तो आहे, शहराच्या मधली बाजार भरायची मोकळी जागा अशा अर्थाने. स्पेलिंग सी-एच-ओ-डब्ल्यू-के असंच करा. उच्चाराच्या दृष्टीने ए-यू-के जास्त शुद्ध वाटतं हे मान्य, पण पाट्यांवर, नकाशावर सगळीकडे ओ-डब्ल्यू रुळलंय, आणि पाहुण्यांनी फोनवर शोधताना उगीच घोळ नको.

'द' लावायचा नाही. ट्रफाल्गर स्क्वेअर, लेस्टर स्क्वेअर, न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर, कुणाच्याही आधी तो येत नाही, तसाच अलका टॉकीज चौकच्या आधी नाही. आपल्याकडे बातम्यांमध्येसुद्धा 'ॲट द अमुक चौक' असं सर्रास छापून येतं, त्याकडे लक्ष देऊ नका. पुढे दुसरं सामान्य नाम आलं की मात्र 'द' येतो, म्हणजे 'द चांदणी चौक फ्लायओव्हर', कारण तिथे तो 'द' फ्लायओव्हरचा आहे, चौकाचा नाही. अपवाद आहेतच, लंडनमध्येच 'द स्ट्रँड' आणि 'द मॉल' असं म्हणतात आणि पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्दला इंग्रजीत 'द' लावतात, पण ते तसंच पाठ करायचं, कारण शोधत बसू नये.

पुण्याच्या माणसाने 'द'च्या बाबतीत खरी काळजी घ्यायची ती डेक्कनला. डेक्कन जिमखाना हा 1906 साली निघालेला क्लब, त्यावरून आख्ख्या भागाचं नाव पडलं आणि आपण नुसतं डेक्कन म्हणायला लागलो. पण इंग्रजीत 'द डेक्कन' म्हणजे दख्खनचं पठार. "आय लिव्ह इन द डेक्कन" हे वाक्य पुणेकराचं असू शकतं तसं सोलापूरकराचंही, आणि औरंगजेबाचंही बरीच वर्षं होतं.

राहिलं 'इन' आणि 'ॲट'. इथे आपली मराठी आपल्याला फसवते. आपण "चौकात थांबलोय" म्हणतो, त्या 'आत'चं आपोआप 'इन' होतं. ब्रिटिश लोक 'इन ट्रफाल्गर स्क्वेअर' म्हणतात ते बरोबर आहे, कारण त्या जागेला आत-बाहेर आहे. पण रस्ते जिथे मिळतात तो त्यांच्या लेखी एक बिंदू, तिथे 'ॲट', म्हणूनच 'ॲट पिकॅडिली सर्कस'. आपल्याकडे ही जाण नाही असं नाही, ती फक्त दुसऱ्या नावांत दिसते. आपण मंडईत जातो पण स्वारगेटला उतरतो, तुळशीबागेत फिरतो पण नळस्टॉपला वळतो. ज्याला आपण 'ला' लावतो तिथे बहुतेक वेळा 'ॲट' बसतं. चौक तेवढा 'आत' घेतो म्हणून लक्षात ठेवायचा.

अजून दोन गोष्टी, विचारल्या नाहीयेत तरी सांगतो. या चौकाचं कागदोपत्री नाव लोकमान्य टिळक चौक आहे. पत्रिकेत हौसेने तेवढंच छापू नका, कारण ते नाव विसर्जनाच्या बातम्यांत भेटतं, रस्त्यावर विचारलं तर समोरचा क्षणभर थांबून "म्हणजे अलका ना?" असंच विचारतो. आणि पत्त्यात लकडी पूल येणार असेल तर पूलचं स्पेलिंग पी-यू-एल करा. डबल ओ बऱ्याच ठिकाणी दिसतो, दांडेकर पूलसुद्धा तसाच लिहिलेला सापडतो, पण लंडनचा माणूस त्याचा अर्थ पोहण्याचा तलाव असाच घेणार, आणि त्यात मुलं बरोबर असली तर पोहण्याचे कपडे घेऊन येतील.

लांबून येणाऱ्यांची फारच काळजी वाटत असेल तर पत्त्याला हात न लावता खाली एक ओळ वाढवा, की लकडी पुलाच्या पेठेकडच्या टोकाला असलेलं मोठं जंक्शन. पत्ता मात्र 'निअर अलका टॉकीज चौक, पुणे' एवढाच. खूणच द्यायचीय तर 'निअर' पुरतो, 'इन' की 'ॲट' हा प्रश्न तुमच्या पत्रिकेपुरता येतच नाही.