पान लागल्यावर शिकलेली माणसेसुद्धा आधी भगताकडे का धावतात?

तुम्ही विचारले आहे की तुमच्या गावातील पदवीधर मुलेसुद्धा कोणाला पान लागले, म्हणजे साप चावला, की आधी भगताचे दार का गाठतात, आणि सापांविषयीचे गैरसमज इतक्या शिक्षणानंतरही का जात नाहीत. मी कोकणातील एका ग्रामीण रुग्णालयात 22 वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे, त्यामुळे हा प्रश्न मी रुग्णाच्या खाटेशेजारी उभी राहून पाहिला आहे. माझे मत असे झाले आहे की हे समज लोकांच्या स्वतःच्या अनुभवावर उभे असतात आणि म्हणूनच ते इतके चिवट असतात. तो अनुभव त्यांना चुकीचा निष्कर्ष कसा देतो, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्यांची समजूत घालता येत नाही.

भारतात सापांच्या 300 हून अधिक जाती आहेत, पण माणसांचे बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे होतात. शेताच्या बांधावर, विहिरीपाशी, घराच्या वळचणीला आढळणारे धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे साप चावतात, रक्त येते, माणूस घाबरून अर्धमेला होतो, पण त्यांच्या चाव्याने कोणी मरत नाही. शिवाय विषारी साप प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशा चाव्याला कोरडा दंश म्हणतात. आता असे पाहा की वर्षभरात भगताकडे जेवढी माणसे जातात, त्यांतील बहुतेकांच्या अंगात मुळात विषच नसते. भगत कडुलिंबाचा पाला देतो, मंत्र म्हणतो, नारळ फोडतो, आणि माणूस चालत घरी येतो. हे सगळ्या वाडीने डोळ्यांनी पाहिलेले असते. एखादा दगावला तर ‘आणायला उशीर झाला’ किंवा ‘त्याची वेळच भरली होती’ असे उत्तर तयार असते. रुग्णालयाच्या वाट्याला मात्र उलटा हिशेब येतो. ज्यांना खरोखर विष चढले आहे आणि ज्यांच्या बाबतीत भगताचे उपाय संपले आहेत, अशी माणसे चार-पाच तास वाया गेल्यावर आमच्याकडे आणली जात, आणि त्यांतील काही आमच्या खाटेवर प्राण सोडत. त्यामुळे वाडीच्या आठवणीत भगत माणसे वाचवणारा ठरतो आणि रुग्णालय माणसे जिथे मरतात ती जागा ठरते. हा हिशेब मांडणारी माणसे मूर्ख नसतात. त्यांच्यासमोर अर्धीच वही उघडलेली असते.

कडुलिंबाचा पाला हे याचे सर्वांत घातक उदाहरण आहे. पाला कडू लागला तर विष नाही आणि गोड लागला तर विष चढले, ही परीक्षा आमच्या भागात आजही घेतली जाते. सापाच्या विषाचा जिभेच्या चवीशी असा काही संबंध नाही. घोणस चावली तर सूज आणि वेदना एवढ्या असतात की लोक पाल्यावर विसंबत नाहीत. खरा घात मण्यारीच्या बाबतीत होतो. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बहुधा फारसे दुखत नाही, सूज येत नाही, कधी कधी दाताची खूणही सापडत नाही. पोटात दुखू लागते, मग पापण्या जड होतात, घोट गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात.

असा एक 16 वर्षांचा मुलगा पहाटे आमच्याकडे आणला होता. त्याचे वडील पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, ‘सिस्टर, पाला कडू लागला होता हो त्याला.’ रात्री पाला कडू लागला म्हणून त्यांनी मुलाला निर्धास्तपणे झोपवले होते. आम्ही प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचे औषध, सुरू केले आणि हाताने फुगा दाबून त्याला श्वास देत जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. तिथे तो अनेक दिवस श्वासयंत्रावर होता आणि वाचला. काही आठवड्यांनी वडील भेटायला आले तेव्हा मनापासून म्हणाले की दंडाला बांधलेल्या अंगाऱ्याने पोर तगले. तेव्हा मला फार वाईट वाटले होते. पुढे विचार केल्यावर लक्षात आले की त्या रात्री त्यांच्या हातून जे घडले, त्यात अंगारा बांधणे एवढी एकच गोष्ट त्यांना मुलासाठी केल्याचे समाधान देणारी होती, आणि पाल्याची चूक मान्य करणे म्हणजे आपणच पोराला मृत्यूच्या दारात झोपवले होते हे मान्य करणे होते. एवढे ओझे कोणताही बाप सहजासहजी उचलत नाही.

दुसरे कारण आपण शिकलेली माणसे सहसा बोलत नाही. काही गैरसमज कालपर्यंत आपणच शिकवत होतो. चावलेल्या जागेच्या वर दोरी आवळून बांधावी, ब्लेडने चिरा द्यावा, रक्त शोषून थुंकावे किंवा जखमेत पोटॅशियम परमँगनेट भरावे, हे प्रथमोपचार म्हणून छापलेले आणि शाळेत शिकवलेले आहे. आज यातील एकही गोष्ट करू नये असे सांगितले जाते, कारण आवळलेल्या दोरीने हातपाय निकामी होतात आणि घोणसीच्या विषाने रक्त गोठेनासे झालेले असताना दिलेला चिरा वाहतच राहतो. आजोबांना शाळेत मिळालेले ज्ञान नातवाला अंधश्रद्धा म्हणून झिडकारायला सांगितले, तर आजोबांना नव्या ज्ञानाचाही भरवसा का वाटावा?

साप दूध पितो, नागीण डूख धरते, धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हे समज सांगायला सोपे आणि ऐकायला गोड आहेत. सापाला चोखता येईल असे ओठ नाहीत, आणि त्याचे आत वळलेले सुईसारखे दात गाय क्षणभरही सहन करणार नाही. नागपंचमीला दूध पिणारा नाग बहुधा कित्येक दिवस पाण्याविना कोंडलेला असतो. मांडुळाची शेपटी तोंडासारखी बोथट असते एवढ्यावरून त्याला दुतोंड्या ठरवून धनलाभासाठी त्याची चोरटी विक्री केली जाते, याचे मला सर्वांत जास्त दुःख होते, कारण हा जीव कोणाच्याच अध्यात-मध्यात नसतो.

या समजांची किंमत मोठी आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती.

आमच्याकडे जो काही फरक पडला तो भाषणांनी पडला नाही. रक्त गोठते का हे पाहण्यासाठी आम्ही थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतो आणि मग नळी कलती करतो. रक्त पातळच राहिले असेल तर रक्तावर परिणाम करणारे विष अंगात आहे. पूर्वी हे आम्ही आतल्या खोलीत करत असू, आणि बाहेर नातेवाईक संतापत की इंजेक्शन का देत नाही. प्रतिसर्पविषाची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ते सरसकट देता येत नाही, हे तोंडी सांगून कोणाला पटत नसे. नंतर मी घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून घड्याळ त्याच्या हाती देऊ लागले. पाल्याची परीक्षा त्यांना माहीत होती. तिच्या जागी त्यांना दुसरी परीक्षा डोळ्यांसमोर मिळाली. मण्यारीचे विष या नळीत दिसत नाही, म्हणून रक्त गोठले तरी रुग्णाला 24 तास आमच्या नजरेखाली ठेवावे लागते, हेही मी त्याच वेळी सांगत असे.

पुढे एका भगताच्या पुतण्यावरच हा प्रसंग आला आणि ती 20 मिनिटे भगत स्वतः माझ्या शेजारी बसून होता. त्यानंतर त्याने मंत्र सोडला नाही आणि मीही त्याला सोडायला सांगितले नाही. पण त्याच्या दारात पान लागलेला माणूस आला की तो आधी रिक्षा बोलावतो, माणसाला हातपाय न हलवता आडवे झोपवायला सांगतो आणि वाटेत त्याच्या शेजारी बसून मंत्र म्हणत रुग्णालयापर्यंत येतो.