शेतातलं तास आणि घड्याळातला तास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या शिक्षिका ताई सातवीच्या वर्गात रोज फळ्यावर सोळा शब्द लिहितात. मुलांनी त्यांचे चार-चारचे चार गट पाडायचे. परवाचे शब्द होते: तास, हार, जू, प्रहर, पांदण, सर, फाळ, निमिष, माळ, चाडे, धुरा, मुहूर्त, कर, पास, घटका, पात. ताईंनी 'तास' शेताच्या गटात ठेवला होता. त्यावर दोन पालक म्हणाले, तास म्हणजे साठ मिनिटं, शेतातलं तास गावठी, ते शाळेच्या फळ्यावर नको. शिवाय एका मुलीनं माळ शेतात घातला आणि तास दुसऱ्याच गटात नेलं. तिला चूक द्यायची का, असं ताई विचारतात.

ताई, आधी पालकांचं पाहू. घड्याळातला तास फारसीतून आपल्याकडे आला. तिकडे तास म्हणजे धातूचं भांडं, थाळी. थाळीवर टोला देऊन वेळ सांगत, म्हणून टोल्याची ती वेळही तास झाली. म्हणजे या दोघांत पाहुणा कुणी असेलच तर तो साठ मिनिटांचा. शेतातलं तास मी 'तासणे' या क्रियापदाच्या घरातलं मानतो. तासणे हे संस्कृत 'तक्ष्'पासून आलेलं, आणि औताच्या टोकानं जमीन तासली की मागे उरते ते तास. त्याला गावठी म्हणण्याचं कारण मला दिसत नाही. पत्रकात 'ओळ' छापलेलं असलं तरी धुऱ्यावर उभा असलेला माणूस "सोयाबीनची सा तासं अन् तुरीचं एक" असंच सांगतो. तिफनीला, म्हणजे पेरणीच्या औताला, तीन फण, म्हणून ती एकदा गेली की तीन तासं पडतात. बाई चाड्यात, म्हणजे तिफनीवरच्या बी सोडायच्या वाडग्यात, मूठ सोडत मागून चालते आणि मूठ कमी-जास्त झाली की कोणतं तास विरळ निघालं ते पंधरा दिवसांनी सगळ्या गावाला दिसतं. इतका रोजच्या कामातला शब्द वर्गाबाहेर ठेवायचा, हे मला मनापासून पटत नाही.

आता वरच्या वाक्यातलं 'तासं' पाहा. घड्याळाचा एक तास, दोन तास. शेतातलं एक तास, दोन तासं. तो तास आणि ते तास. कोड्यात शब्द एकटा उभा असतो, त्याचं लिंग आणि वचन दोन्ही झाकलेलं असतं, आणि मराठीत अर्थ बरेचदा तिथेच असतो. हा खेळ इंग्रजीतून आपल्यापर्यंत आला. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या 'ओन्ली कनेक्ट'मध्ये २००८ पासून सोळा शब्दांची भिंत आहे, आणि न्यूयॉर्क टाइम्सचं 'कनेक्शन्स' जून २०२३ मध्ये सुरू झालं. त्यात चौथ्या चुकीला खेळ संपतो, पिवळा गट सोपा, जांभळा सगळ्यांत अवघड. पण तिथल्या नामाला आपल्यासारखं लिंग नाही, त्यामुळे ही गंमत तिथे होऊ शकत नाही. तुमचा चौथा गट, हार, माळ, सर, कर, म्हणजे लिंग बदललं की अर्थ बदलणारे शब्द, म्हणूनच मला फार आवडला. मोत्यांचा सर आणि पावसाची सर. फुलांचा हार आणि निवडणुकीतली हार. ग्रामपंचायतीचा कर आणि पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, ज्या दिवशी आपल्याकडे पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात. हार, माळ, सर हे तिघं गळ्यातले दागिने म्हणून पहिल्यांदा डोळ्यांत भरतात, पण चौथा दागिना काही सापडत नाही.

पण याच गटानं घोळही केला आहे. लिंग बदललं की अर्थ बदलतो, असे शब्द तुमच्या सोळांत चारच नाहीत. तास आहेच. धुराही आहे: तो धुरा शेताच्या हद्दीचा, ती धुरा जबाबदारीची. बाहेर 'धुरा सांभाळली' म्हणतात, आपण 'धुऱ्यावर बसलो' म्हणतो. पासही तसाच: एसटीचा पास, वखराची पास. पैकी पास हलवता येत नाही, कारण औताच्या गटात फाळ, चाडे, जू यांना चौथा तोच लागतो. काळाच्या गटात निमिष, घटका, प्रहर, मुहूर्त असे चार आहेतच, म्हणून तास तिथे नको, हेही नीट बसतं. शेताच्या गटाला मात्र भगदाड आहे. माळ म्हणजे उंचावरची मोकळी जमीनही. मग धुरा, पांदण (शेताकडे जाणारी वाट), पात (निंदणाऱ्या बायांची) आणि माळ हा गट पूर्ण होतो, आणि हार, सर, कर, तास हा दुसरा. एकही शब्द उरत नाही. त्या मुलीनं हेच केलं.

तेव्हा तिला पूर्ण गुण द्या, आणि कशावरून ठरवलं ते वर्गासमोर तिच्याच तोंडून ऐका. तिच्या कानाला तास दोन तऱ्हेनं ऐकू आलं, ही भाषेची जाण आहे. धुरा तिकडे नेणाऱ्यालाही उत्तर जमलं असतं.

दुरुस्ती सोपी आहे. माळ काढा, तिथे 'वेळ' घाला. तो वेळ जातो, ती वेळ येते. 'माझा वेळ गेला' आणि 'निघायची वेळ झाली'. मुलं 'वेळ' काळाच्या गटात ओढतील, पण मग निमिष, घटका, प्रहर, मुहूर्त यांतल्या एकाला जागा उरणार नाही. शेताला मग तास, धुरा, पांदण, पात हेच चार राहतात.

आणि सूचना देताना 'शेतीचे शब्द शोधा' असं सांगू नका, त्यात अर्धं उत्तर आलं. पहिली सूचना एवढीच द्या: प्रत्येक शब्दाआधी तो, ती, ते लावून मोठ्यानं म्हणा. अडले तर दुसरी: आता 'दोन' लावा. दोन सर की दोन सरी, दोन तास की दोन तासं.