वाचकांचे प्रश्न: बिडाचा डच ओव्हन तडकला, आता कोणता घ्यावा?

प्रश्न: आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, उंचीने पाच फुटांहून कमी आहेत आणि घरातला मुख्य स्वयंपाक आजही त्याच करतात. बावीस वर्षांपूर्वी माझ्या दिरांनी अमेरिकेहून येताना त्यांच्यासाठी बिडाचा काळा डच ओव्हन आणला होता. जड झाकणाचे, दोन बाजूंना कान असलेले, पाच लिटरचे ते खोलगट भांडे होते. काळ्या मसाल्याचे मटण, चिंचगुळाची आमटी, अख्खा मसूर आणि थंडीत घरचा पाव, हे सगळे त्या त्यातच करीत. गेली दोन वर्षे त्यांच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी दुखते. मागच्या महिन्यात तापलेले भांडे त्यांनी नळाखाली धरले आणि कानापासून बुडापर्यंत तडा गेला. सातपूरचे एक ओळखीचे कारागीर वेल्डिंग करून देतो म्हणतात. माझे यजमान म्हणतात, अगदी तसाच नवा आणू. मला हलके नॉनस्टिक भांडे बरे वाटते, तर सासूबाईंचे म्हणणे, बिडाशिवाय ती चव येत नाही. आम्ही घरात चौघे आहोत. काय घ्यावे?
(एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: आपल्या घरातील तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. निवड करताना मात्र ज्यांच्या हाताने ते भांडे रोज चुलीवर चढणार आहे, त्यांचे म्हणणे सर्वांत वर ठेवावे. आधी वेल्डिंगचा विषय संपवू. बिडात कार्बनचे प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असते आणि तो बहुतांशी ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. त्यामुळे पोलाद जसे ताण आल्यावर थोडे वाकते, तसे बीड वाकत नाही, ते थेट तडकते. तापलेल्या भिंतीवर थंड पाणी पडले की तेवढाच भाग आकसतो, बाकीचा आकसत नाही, आणि ही ओढाताण तड्याच्या रूपाने बाहेर पडते. यंत्रांचे बिडाचे भाग निकेलच्या कांडीने जोडतात हे खरे आहे, आणि आपले कारागीर ते काम उत्तम करीतही असतील. तथापि, जे भांडे रोज तापणार, रोज निवणार आणि ज्यात अन्न शिजणार, त्याला तो सांधा चालत नाही. भरणीचा धातू आणि मूळ बीड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, सांध्याशेजारी पुन्हा तडा जातो, आणि तो कधी जाईल हे सांगता येत नाही. उकळत्या रश्श्यासह बूड निसटणे ७८ व्या वर्षी परवडणारे नाही, म्हणून त्या भांड्याला निरोप द्यावा.

आता यजमानांच्या सूचनेकडे वळू. पाच लिटरचा बिडाचा डच ओव्हन झाकणासह सुमारे सहा किलो भरतो आणि त्यात झाकणच दीड-दोन किलोंचे असते. त्यात तीन लिटर रस्सा असेल तर एकूण भार नऊ किलोंवर जातो. शिवाय तो उचलायचा कोठून, हे पाहावे लागते. आपल्याकडे ओटा साधारण ८५ सेंटीमीटर उंच असतो, त्यावर शेगडीची उंची दहाएक सेंटीमीटर, आणि भांड्याचे कान त्याहून वर दहा-बारा सेंटीमीटरवर येतात. म्हणजे जमिनीपासून सुमारे १०५ सेंटीमीटरवर हात न्यावे लागतात. पाच फुटांहून कमी उंचीच्या बाईंचे कोपर उभे असताना नव्वदएक सेंटीमीटरवर असते. याचा अर्थ असा की सासूबाई ते नऊ किलो कोपराच्या वर हात उचलून, शरीरापासून दूर धरून पेलत होत्या. अंगठ्याचे मूळ दुखू लागल्यावरही त्या हे करीत राहिल्या, यावरून त्या भांड्यावर त्यांचा किती जीव आहे हे कळते. आणि म्हणूनच, तसाच दुसरा आणून देणे ही त्यांची सोय होणार नाही. (उंची मिळावी म्हणून कोणी पाटावर किंवा स्टुलावर उभे राहण्याचा सल्ला दिला तर तो कृपया मानू नये, गरम भांडे हातात असताना पाय घसरण्याइतके वाईट काही नाही.)

वजन कमी करण्याचा खरा मार्ग एकच आहे, तो म्हणजे आकार कमी करणे. इंग्लंडमधील अब्राहम डार्बी यांनी १७०७ साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट घेतले आणि मूळ पद्धत आजही तीच आहे. अशा ओतकामात भिंतीला काही किमान जाडी लागतेच, आणि उष्णता धरून ठेवण्याचे बिडाचे काम त्या जाडीमुळेच होते. भिंत पातळ केली तर वजन उतरते, पण ज्यासाठी बीड घ्यायचे तो गुणही त्यासोबत उतरतो. चौघांच्या घराला चार लिटरचे, म्हणजे साधारण २४ सेंटीमीटर व्यासाचे भांडे पुरते. एनॅमल, म्हणजे काचेचा थर, दिलेले असे भांडे झाकणासह साडेचार किलोंच्या आसपास असते. पाहुणे येतील त्या दिवशी दुसऱ्या पातेल्याची जोड द्यावी. वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेले सगळे दिवस दीड किलो जास्तीचे ओझे वागवू नये.

माझी शिफारस एनॅमलच्या भांड्याची आहे आणि ती मी विचारपूर्वक करीत आहे. एनॅमल म्हणजे बिडावर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेला काचेचा थर. फ्रान्समधील फ्रेनुआ-ल-ग्रां या गावी १९२५ साली ल क्रूझे या कारखान्याने अशी रंगीत भांडी करण्यास सुरुवात केली, आणि आज अनेक कारखाने ती बनवतात. आपल्या सासूबाईंच्या दृष्टीने त्याचे तीन लाभ आहेत. चिंचगुळाची आमटी, टोमॅटो, कोकम हे आंबट पदार्थ उघड्या, म्हणजे एनॅमल नसलेल्या बिडात फार वेळ शिजले की धातूवर तापून बसलेला तेलाचा थर निघतो आणि अन्नाला लोखंडी चव व काळसर रंग येतो. एनॅमलमध्ये तसे होत नाही. दुसरे असे की, उघडे बीड धुतल्याबरोबर कोरडे करून, तेलाचा हात फिरवून ठेवावे लागते, आणि पावसाळ्यात एक दिवस जरी ओले राहिले तरी गंज धरते. दुखऱ्या हातांनी जड भांडे फिरवीत पुसणे हे स्वयंपाकापेक्षाही कष्टाचे काम आहे, ते वाचते. तिसरा लाभ क्वचितच कोणी सांगते: या भांड्याचा आतला रंग बहुधा फिकट, सायीसारखा असतो. काळ्या भांड्यात काळा मसाला परतताना तो खमंग झाला की करपला, हे उतारवयातील डोळ्यांना नीट दिसत नाही. फिकट बुडावर ते लगेच दिसते.

चवीविषयी सासूबाईंचे म्हणणे मी अमान्य करणार नाही. परंतु ती चव मुख्यतः मंद आणि समान आचेतून व घट्ट झाकणातून येते, आणि या दोन्ही गोष्टी एनॅमलच्या आतल्या बिडातही आहेत. त्या कदाचित झाकणात पाणी ठेवून भाजी शिजवत असतील, कारण आपल्याकडे ती जुनीच रीत आहे: वरचे पाणी झाकणाला थंड ठेवते आणि आतली वाफ थेंब होऊन परत भाजीवर पडते. फ्रान्समध्ये ‘दूफू’ नावाचे एक बिडाचे भांडे याच तत्त्वावर बनते, त्याच्या खोलगट झाकणात बर्फ किंवा पाणी ठेवतात. नवे भांडे घेताना झाकण थोडे खोलगट मिळाले तर सासूबाईंना ते आपलेसे वाटेल. भाकरीसाठी आणि फोडणीसाठी त्यांचा बिडाचा तवा व कढई घरात राहू द्यावी. पंडुरोगासाठी लोखंडी भांड्यात शिजवण्याचा सल्ला कोणी दिला असेल, तर बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

एनॅमलच्या भांड्यालाही सांभाळावे लागते. ते रिकामे तापवू नये, आधी तेल किंवा पाणी घालून मंद आचेवर चढवावे. लोखंडी कालथ्याऐवजी लाकडी वापरावा. आणि जी चूक मागच्या महिन्यात झाली ती येथेही तितकीच घातक आहे, म्हणून गरम भांड्यावर थंड पाणी कधीही ओतू नये. आतला थर उडून टवका निघाला तर त्या भांड्यात शिजवणे थांबवावे.

आपण सुचवलेले नॉनस्टिक भांडे हलके असते हे खरे, पण त्यावरचा थर साधारण २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो आणि पाव भाजताना आपण त्या मर्यादेच्या फार जवळ जातो. हलकेच हवे असेल तर थर नसलेले, जाड ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे भांडे पाहावे. त्याच जाडीचे अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या निम्म्याहून कमी, म्हणजे जेमतेम तीन अष्टमांश वजनाचे असते आणि तरीही सुमारे पाऊणपट उष्णता साठवते. हा हिशेब मी स्वतः करून पाहिला तेव्हा मलाही आश्चर्य वाटले. त्यात चिंच-टोमॅटो मात्र शिजवू नयेत. साडेचार किलोही सासूबाईंना जड गेले, तर हा दुसरा पर्याय होय.

पावाच्या बाबतीत एक विनंती आहे. २३० अंशांवर तापलेले बिडाचे भांडे ओव्हनमधून बाहेर काढून त्यात कणीक सोडणे, हे त्या साऱ्या कामातले सर्वांत धोक्याचे पाऊल आहे आणि ते टाळता येते. फुगलेली कणीक बेकिंग पेपरसह थंड भांड्यात ठेवावी, झाकण घालून भांडे थंड ओव्हनमध्ये सरकवावे आणि मग आच सुरू करावी; वेळ थोडा जास्त लागतो, पाव चांगला होतो. बाहेर काढण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी करावे. खरेदीपूर्वी ओव्हनचा आतला भाग मोजून घ्यावा, कारण २४ सेंटीमीटरचे भांडे कान धरून ३० सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि झाकणाच्या मुठीची उंची वेगळीच असते.

खरेदीला सासूबाईंना सोबत न्यावे, हे मी आग्रहाने सांगते. नाशिकचा भांडी बाजार तांब्यापितळेसाठी प्रसिद्ध आहे आणि पितळ वजनावर विकले जात असल्यामुळे तेथे दुकानात काटा असतो. खरेदी कोठूनही करा, पण तसा काटा मागून भांडे आणि झाकण वेगवेगळे तोलून घ्या. कानांत दोन्ही हातांची चार-चार बोटे, जाड फडक्यासह, पूर्ण शिरली पाहिजेत. कान अरुंद असला की भार बोटांच्या टोकांवर आणि अंगठ्याच्या मुळावर येतो, आणि दुखणे नेमके तेथेच आहे. झाकणाची मूठही मोठी असावी. भांडे सपाट जागेवर ठेवून डुगडुगते का पाहावे, आणि मडके घेताना वाजवून घेतात तसे बोटाच्या पेराने वाजवावे: निर्दोष बीड खणखणते, तडा असेल तर बद्द आवाज येतो. शेवटी दुकानदाराची परवानगी घेऊन त्यात दोन लिटर पाणी घालावे आणि सासूबाईंना स्वतः उचलून पाहू द्यावे. त्यांच्या चेहऱ्यावर ताण दिसला तर त्या ‘जमेल’ म्हणाल्या तरी लहान आकार घ्यावा.

घरी आल्यावर त्यांना ‘उचलू नका’ असे सांगू नये, उचलण्याची गरज पडणार नाही अशी व्यवस्था करावी. भांडे शेगडीवरच राहील, रस्सा डावाने वाढण्याच्या पातेल्यात काढला जाईल, आणि निवल्यावर ते मोरीपर्यंत नेण्याचे काम यजमान किंवा घरातील दुसरे कोणी करील. शेगडी काचेची असेल तर जड झाकण काचेवर न ठेवता शेजारी घडी घातलेल्या फडक्यावर ठेवण्याची जागा ठरवून द्यावी.

प्रश्न: माझे वय ७४ असून मी एकटाच राहतो. पत्नीच्या मागे तिची बिडाची झाकणाची कढई तीन वर्षे माळ्यावर पडून होती. ती आता पूर्ण गंजली आहे. टाकून लहान डच ओव्हन घ्यावा काय?
(एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर: टाकू नये. गंज वरवरचा असतो. कढई आधी वाजवून पाहा. खणखणली तर ती अजून आपल्याला पुरेल. तारेच्या घासणीने गंज जाईपर्यंत घासावी, गरम पाण्याने व थोड्या साबणाने धुवावी आणि लगेच मंद आचेवर पूर्ण कोरडी करावी. मग जवसाचे किंवा रोजचेच तेल अगदी पातळ, जवळजवळ पुसून काढल्यासारखे लावून धूर निघेपर्यंत तापवावी. तापलेले तेल धातूवर कडक थर होऊन बसते. हे तीन-चार वेळा केले की काळी चकाकी परत येते. घासण्याचे काम श्रमाचे आहे, ते एका दिवसात उरकू नये, शेजारच्या एखाद्या तरुणाची मदत घ्यावी. एकट्यासाठी अडीच लिटरहून मोठे भांडे लागत नाही, तेव्हा कढई त्याहून मोठी असेल तर ती अर्धीच भरून वापरावी, आणि माळ्यावर परत न ठेवता ओट्याखालच्या कप्प्यात, कमरेच्या उंचीवर ठेवावी.