हूकची पिन रातोरात जाते, काय करावं?

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमचं वावर गावापासून दोन किलोमीटरवर, पांदण रस्त्यानं. सोयाबीन काढणीत ट्रॉली वावरातच सोडतो आणि ट्रॅक्टर घरी आणतो. या हंगामात दोनदा चोरी झाली. पहिल्यांदा ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवलेली हूकची पिन (ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी) आणि जॅक गेला. दुसऱ्यांदा कल्टिव्हेटरजवळची टॉपलिंक, म्हणजे अवजार ट्रॅक्टरला वरून जोडणारा दांडा, गेली. तिला साखळी-कुलूप होतं, साखळी कापून नेली. सध्या पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालून काम भागवतोय. पक्कं कुलूप कोणतं घ्यावं? आणि एवढ्याशा चोरीची तक्रार करून उपयोग आहे का?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, कुलपाचं नंतर सांगतो. आधी ती सळई काढा, आजच.

आर्वी रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याची ट्रॉली माझ्याकडे आली, दांडा पार वाकलेला. त्याचीही पिन चोरीला गेली होती, त्यानंही सळई घातली होती. कापूस भरून जिनिंगला निघाला आणि नाल्याच्या उतारावर सळई वाकून वर सरकली. ट्रॉली सुटली, धुरा ओलांडून तुरीत गेली. मागून सायकलवर शाळेची पोरं येत होती, थोडी लांब होती म्हणून वाचली. तो माणूस दुकानात बसून दोन तास बोलला नाही. म्हणून कळकळीनं सांगतो, सळई भोकात सैल बसते, दर गचक्याला हलते, आणि उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते तेव्हा सगळा भार तिच्यावरच येतो. भोकाच्या मापाची पिन आणा, खाली क्लिप लावा आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीमध्ये एक जादा साखळी कायम ठेवा.

आता चोरीचं. तुमची पिन गेली ती दांड्यावर ठेवल्यामुळे. ट्रॅक्टर घरी येतो तर पिन त्याच्यासोबतच आली पाहिजे. ट्रॅक्टरच्या हुकात घाला आणि क्लिपच्या भोकात कुलूप अडकवा. भोक लहान असेल तर वेल्डरकडून तेच थोडं मोठं करून घ्या, पण हुकाच्या पाटीखाली राहणारं टोकच. पिनेच्या मधल्या अंगाला ना भोक पाडायचं, ना वेल्डिंगनं कडी लावायची. तापवलेल्या जागी पोलाद ठिसूळ होतं आणि पिन तिथूनच तुटते. रस्त्यावर मात्र कुलपाच्या भरवशावर जाऊ नका, क्लिप लावूनच निघा.

वावरातल्या ट्रॉलीसाठी दुसरं कुलूप दांड्याच्या कडीतच घाला. कडी भरली की दुसऱ्याचा ट्रॅक्टर तिला जोडता येत नाही. म्हणजे पिनेसोबत ट्रॉलीही वाचते. जॅक काढता येत असेल तर घरी आणा, नसेल तर त्याचा नटबोल्ट वेल्डिंगच्या एका ठिपक्यानं बंद करून टाका.

कुलूप घेताना त्याचा दांडा बघा. जाड, कडक पोलादाचा आणि शक्य तितका आखूड हवा. मोकळी जागा राहिली की कटरचे जबडे आत शिरतात. तुमची साखळी बहुधा जमिनीवर लोळत असेल. जमिनीवर टेकलेली साखळी कापायला फार सोपी, कारण कटरचा एक हात भुईला टेकवून वरून अंग टाकता येतं. साखळी ताणून, उंच बांधा. तरी खरं सांगतो, बॅटरीचा ग्राइंडर घेऊन आलेल्यापुढे कुठलंच कुलूप रात्रभर टिकत नाही. कुलपानं त्याचा वेळ जातो आणि आवाज होतो, एवढंच.

म्हणून माझा खरा भर खुणेवर आहे. हा माल बहुतेक भंगारात किलोवर जातो, नाहीतर दुसऱ्या गावात अर्ध्या किमतीत. त्यावर नंबर खोल कोरलेला असला तर घेणारा बिचकतो. ट्रॅक्टरचा नोंदणी नंबर अक्षरी पंचानं ठोकून घ्या. पिनेच्या फक्त डोक्यावर, टॉपलिंकच्या मधल्या नळीवर, ट्रॉलीच्या दांड्यावर दोन जागी. एक जागा दिसणारी आणि एक दांड्याच्या खालून, जी फक्त तुम्हाला माहीत. रंगानं लिहिलेलं पाच मिनिटांत घासलं जातं, त्यावर विसंबू नका. मग मोबाइलवर फोटो काढा आणि बिलं एका पिशवीत ठेवा.

तक्रार जरूर करा, पण तयारीनं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरी तिच्या कलम 303 मध्ये येते. माल 5000 रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा सहसा अदखलपात्र धरला जातो. मग नोंद होते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पिन एकटी असेल तर तिथंच अडतं. म्हणून एका रात्रीत गेलेलं सगळं एकाच तक्रारीत, बिलांसह लिहा. पिन आणि जॅक एका रात्री गेले, तर त्यांची किंमत एकत्रच दाखवायला हवी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही कलम 317 लागू होतं. जवळच्या भंगारवाल्याकडे जा, ठोकलेला नंबर दाखवा आणि हे शांतपणे सांगा. भांडू नका, त्यालाही लफडं नको असतं.

आणखी एक. किल्ल्या दोन ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक सालदाराकडे. पहाटे पाचला ट्रॉली जोडायला तोच जातो. किल्ली तुमच्या उशाखाली राहिली तर आठ दिवसांत कुलूप उघडंच लटकलेलं दिसेल.