गोल्फर अदिती अशोकचं टोकियो ऑलिम्पिकमध्ये मेडल हुकलं, त्यानंतर ती कुठेच दिसली नाही. तिचं करिअर संपलं का? आणि या लोकांना पगार कोण देतं?

संपलं वगैरे काही नाही हो. पण तुमचा दोष नाही, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गोल्फ आयुष्यात एकदाच बघितलाय, ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी पहाटे उठून, आणि त्यात मी पण होतो. आमच्या फॅमिली ग्रुपवर मेव्हणा विचारत होता बर्डी म्हणजे काय, मी गुगल करून सांगत होतो की ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी, आणि सासूबाई म्हणत होत्या, अरे ती पोरगी कधीपासून नुसती चालतेय, मारत का नाही 😄 मध्येच वादळामुळे खेळ थांबवला, मग परत सुरू. शेवटच्या होलवर तिला बर्डी हवी होती, झाली असती तर सिल्व्हरच्या प्लेऑफमध्ये (बरोबरी झालेल्यांचा जादा खेळ) गेली असती. लांबचा पट (बॉल कपात ढकलायचा फटका) होता, नाही गेला. नेली कोर्डा १७ अंडर (म्हणजे ठरलेल्यापेक्षा १७ फटके कमी), इनामी आणि लिडिया को १६, आपली अदिती १५. चौथी. एका फटक्याने मेडल गेलं, चार दिवस खेळून एका फटक्याने! आणि त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकून गोल्ड आणलं, सकाळची अदिती रात्रीपर्यंत ग्रुपवरून गायब.

आता ती कुठे होती बघा. टोकियोला गेली तेव्हा जागतिक रँकिंगमध्ये २०० वी होती. त्याआधी कोविड होऊन गेलेला, अंगातली ताकद कमी झालेली, त्यामुळे तिचा आधीच छोटा असलेला ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) अजून छोटा झालेला. लांब मारणाऱ्या पोरी २७० यार्डाच्या आसपास टाकतात, ही त्यांच्या बरीच मागे. म्हणजे समोरची दुसरा फटका छोट्या आयर्नने (जवळच्या फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) आरामात ग्रीनवर (कपाभोवतीचं बारीक गवत) टाकणार आणि हिला तेवढ्यासाठी लांबलचक क्लब काढावा लागणार. तरी चौथी आली ती पटिंगच्या जोरावर. बॅग उचलायला आई होती कॅडी म्हणून. २०१६ ला रिओत वडील होते, तेव्हा ती १८ वर्षांची, दोन दिवस ६८-६८ खेळून सगळ्यांना चकित केलं आणि मग घसरून ४१ वी आली.

सुरुवात बंगळुरूची. घरात गोल्फचा काही वारसा नाही, ब्रेकफास्टला जायचे त्या हॉटेलातून कर्नाटक गोल्फ असोसिएशनची ड्रायव्हिंग रेंज दिसायची, पाच-सहा वर्षांच्या पोरीला ते बघून मजा वाटली, एवढंच. २०१६ च्या जानेवारीत प्रो झाली, त्याच वर्षी बारावी, त्याच वर्षी ऑलिम्पिक, आणि नोव्हेंबरमध्ये गुरुग्रामला इंडियन ओपन जिंकली, महिलांच्या युरोपियन टूरवर (वर्षभराची स्पर्धांची मालिका) जिंकणारी पहिली भारतीय बाई. लगेच कतारला पण जिंकली. २०१७ पासून अमेरिकेच्या एलपीजीए टूरवर, म्हणजे महिला गोल्फच्या सगळ्यात मोठ्या टूरवर.

पगाराचं म्हणाल तर कोणीच देत नाही. हे मला पण आधी माहीत नव्हतं. क्रिकेटसारखं बोर्डाचं कॉन्ट्रॅक्ट नाही. चार दिवसांच्या स्पर्धेत दोन दिवस झाले की कट लागतो, जवळपास अर्धे लोक घरी, आणि कट चुकला की बहुतेक स्पर्धांमध्ये त्या आठवड्याची कमाई शून्य. विमान, हॉटेल, कॅडीचा आठवड्याचा पगार (जिंकलात तर वर साधारण दहा टक्के), सगळं आपल्या खिशातून. कट झाला की मात्र नंबरानुसार पैसे, आणि वरच्या स्पर्धांमध्ये पैसा खरंच दणकून आहे, २०२४ च्या यूएस विमेन्स ओपनची एकूण बक्षिसं १.२ कोटी डॉलर होती. स्पॉन्सर असले तर बरं. आणि वर्षाच्या शेवटी पॉइंटच्या यादीत ठराविक नंबरच्या वर असलात तरच पुढच्या वर्षीचं पूर्ण कार्ड (टूरवर खेळायचा हक्क), नाहीतर परत क्वालिफाइंगच्या रांगेत उभे राहा. म्हणजे दरवर्षी नोकरीचा नव्याने इंटरव्ह्यू, तो पण जगभरातून आलेल्या पोरींबरोबर, ज्यातल्या निम्म्या कोरियाच्या असतील असं बघताना वाटतं.

माझी पुतणी पुण्यात ज्युनिअर खेळते, अधूनमधून मी सोडायला जातो म्हणून थोडं कळतं. पटिंगची एक प्रॅक्टिस आहे, दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) जमिनीत खोचायच्या, मध्ये पटर जेमतेम जाईल एवढीच फट, आणि तीन फुटांवरून लागोपाठ ५० बॉल कपात. एक चुकला की परत एकपासून. एकदा ४३ वर चुकली, काही बोलली नाही, बॉल गोळा केले आणि परत सुरू. मी बाजूला बसून वडापाव खात होतो, मलाच कसंतरी झालं. मी पण करून बघितलं, ६ च्या पुढे नाही गेलो. तेव्हापासून टोकियोचा तो शेवटचा पट मला वेगळाच दिसतो.

आता तुमचा मुद्दा, नंतर ती दिसली नाही. अहो तिचं सगळ्यात भारी वर्ष टोकियोनंतरचं आहे, २०२३. केनियात नऊ फटक्यांनी जिंकली. एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसला एलपीजीएच्या स्पर्धेत शेवटच्या होलवर बर्डी मारून प्लेऑफमध्ये गेली आणि तिथे हरली, जिंकली असती तर एलपीजीए जिंकणारी पहिली भारतीय. वर्षाच्या शेवटी स्पेनला परत जिंकली. मध्ये हांगझोऊचे एशियन गेम्स, तिसऱ्या दिवशी ६१ मारले, म्हणजे ११ अंडर, सात फटक्यांची लीड! आणि चौथ्या दिवशी ७७. थायलंडच्या युबोलने गोल्ड नेलं. मला विचाराल तर टोकियोपेक्षा हे जास्त लागलं, तिथे निदान पाठलाग करत होती, इथे हातातलं गेलं. तरी एशियन गेम्समध्ये मेडल मिळवणारी ती पहिलीच भारतीय महिला गोल्फर, पण पेपरवाल्यांना "गोल्ड हुकलं" हेच दिसलं. २०२४ ला पॅरिसला २९ वी आली.

म्हणून मेडल मोजून गोल्फरचं करिअर बघू नका. १८ वर्षांची व्हायच्या आतच प्रो होऊन इतकी वर्षं त्या टूरवर टिकलीये, ड्राइव्ह छोटा असताना, मागे बोर्ड नसताना, तिच्याआधी आपल्याकडून सिमी मेहरासारखं एखादंच नाव तिथे पोचलेलं असताना. मला तरी हे त्या एका फटक्यापेक्षा अवघड वाटतं, तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

बाकी बघायचं असेल तर टीव्हीवर वाट बघत बसू नका, एलपीजीएच्या ॲपवर लाइव्ह स्कोअर दिसतो. अमेरिकेतली स्पर्धा असली तर त्यांचा शुक्रवार संपतो तेव्हा आपली शनिवारची पहाट असते, मी चहा ठेवला की आधी ती कटच्या वर आहे का बघतो, आणि असली तर पुतणीला मेसेज टाकतो. ती तोपर्यंत उठून रेंजवर गेलेली असते.