अर्धशिशी आहे, हे ठरवले कोणी?

माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत डोकेदुखीचे वर्णन थोडे आणि ‘अर्धशिशी आहे’ हा निकाल ठाम असतो. हा निकाल बहुधा घरात, शेजारी किंवा मेडिकलच्या काउंटरवर लागलेला असतो, म्हणून पाच पत्रांना येथेच उत्तरे देतो.

प्रश्न : थंडीत पहाटे घरातल्या चौघांचेही डोके जड होऊन दुखते आणि मळमळते. अर्धशिशी आनुवंशिक असते म्हणतात, ते खरे का? (नवापूर)

उत्तर : आनुवंशिक असते, पण चौघांना एकाच वेळी होत नाही. खोली बंद करून शेगडी पेटवत असाल, तर ती आजच बाहेर काढा आणि चौघेही डॉक्टरांना दाखवा. कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंगही नसतो आणि वासही नसतो.

प्रश्न : आईला (वय ६४) पूर्वी अर्धशिशी होती. आता तीन आठवड्यांपासून कानशील दुखते, केस विंचरणे सहन होत नाही आणि भाकरी चावताना जबडा भरून येतो. जुनेच दुखणे उलटले का? (अमळनेर)

उत्तर : तसे गृहीत धरू नका. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले किंवा रूप बदललेले डोके दुखणे ही वेगळी तक्रार समजावी. आपण लिहिलेली लक्षणे कानशिलाच्या रोहिणीला (धमनीला) सूज आल्याने दिसू शकतात. हा आजार आपल्याकडे कमी आढळतो, परंतु त्यात एका डोळ्याची दृष्टी अचानक जाऊ शकते आणि गेलेली सहसा परत येत नाही. आजच फिजिशियनकडे न्यावे. ते ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्या सांगतील आणि संशय दाट असल्यास रोहिणीच्या तुकड्याच्या तपासणीची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतील.

प्रश्न : बहिणीला बाळंत होऊन बारा दिवस झाले. आठवडाभर डोके वाढत्या प्रमाणात दुखते, आडवे झाल्यावर अधिक, आणि उलट्या होतात. भगताकडून अर्धशिशी उतरवून घेतली. सीटी स्कॅन नॉर्मल आहे. बाळंतिणीला पाणी जपून देतात, म्हणून तसेच देत आहोत. (रावेर)

उत्तर : हे पत्र वाचून मला राग आला, आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात रावेरचा उन्हाळा, अंगावर पाजणारी आई आणि पाण्याला बंदी, म्हणजे ज्या शिरांतून मेंदूतील रक्त परत हृदयाकडे येते, त्यांत गुठळी होण्यास आपण हातभारच लावतो. अशा गुठळीने मेंदूवरील दाब वाढतो, दिवसागणिक डोके अधिक दुखते, दिसणे धूसर होते आणि पुढे झटके येतात किंवा एक बाजू लुळी पडते. साधा सीटी स्कॅन अशा वेळी नॉर्मल येऊ शकतो, हे मी वर्षानुवर्षे सांगत आहे. शिरांचे चित्र दाखवणारा एमआरआय किंवा सीटी व्हेनोग्राम मागावा लागतो. वेळेवर रक्त पातळ करणारे इंजेक्शन मिळाले, तर बहुतेक रुग्ण चांगले सावरतात. बाळंतपणानंतरही रक्तदाब चढून झटके येऊ शकतात, म्हणून तो लगेच मोजावा, आणि १४०/९० किंवा अधिक असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. पाठीत भुलीचे इंजेक्शन दिल्यानंतरही डोके दुखते, पण ते बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर उतरते. बहिणीचे नेमके उलट आहे. तहानेइतके पाणी द्या आणि आजच मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. जाता जाता आणखी एक : कानबाईच्या रोटांच्या (खानदेशातील देवीच्या सणाच्या) वेळी अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या दुकानातून परस्पर घेतल्या जातात, त्यांनीही काही स्त्रियांत अशी गुठळी होऊ शकते, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

प्रश्न : अर्धशिशी मुळासकट घालवणारे नाकातले थेंब जाहिरातीत पाहिले. घ्यावेत का? (शहादा)

उत्तर : नाही. कोणतेही औषध अर्धशिशी मुळासकट घालवत नाही, आणि ज्याला मुळात अर्धशिशीच नाही, त्याचे या थेंबांत फक्त दिवस जातात.

प्रश्न : परवा उन्हातून घरी आलो आणि मिनिटभरात डोके फुटेल असे दुखले, आयुष्यात तसे कधी दुखले नव्हते. गोळीने आता निम्मे उतरले आहे. थांबून पाहू का? (भुसावळ)

उत्तर : हा पत्राने विचारण्याचा प्रश्न नव्हता. असे दुखणे क्षणात टोकाला जाते, तेव्हा मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेला नाही याची खात्री होईपर्यंत तो आहे असेच समजून चालावे लागते. गोळीने उतार पडला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या सहा तासांत केलेला सीटी स्कॅन असा रक्तस्राव जवळजवळ नेहमी दाखवतो. उशीर झाला की त्याचा भरवसा घटतो आणि पाठीतील पाणी तपासावे लागू शकते. पत्र हाती पडताच आपल्याला फोन करून १०८ ची रुग्णवाहिका बोलावण्यास सांगितले होते. उत्तर येथे छापले आहे ते इतर वाचकांसाठी.