आजोबांची टोपी आणि न्यूपोर्टचं सिनेगॉग

प्रिय मनू,

काल न्यूपोर्टचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहून येताना तू गाडीत विचारलंस, "आई, तिथे मला आणि बाबांना डोक्यावर टोपी घालायला दिली. आजोबाही पूजेला बसताना टोपी घालतात. ती रीत ज्यूंकडून आली का?" पावसात गाडी चालवताना मी "नाही रे" एवढंच म्हणाले. तेवढ्यावर सोडवेना, म्हणून लिहितेय.

आजोबांची टोपी आपलीच. देवापुढे बोडक्या डोक्याने बसायचं नाही, ही जुनी रीत; आधी पागोटं होतं, मग टोपी आली. ज्यूंची रीत त्यांची. पण मराठी बोलणारे ज्यू आहेत हे मी तुला आजवर सांगितलं नाही, ते चुकलंच माझं. अलिबाग, पेण, रोहा या भागात बेने इस्रायल लोक पिढ्यानपिढ्या राहिले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. नवस फेडताना ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सोबत फळं. ताटाभोवती बसून एलियाहू संदेष्ट्याची आठवण करतात.

आपण मराठी माणसं मोठ्या अभिमानाने म्हणतो, आम्ही त्यांना सांभाळून घेतलं. मीही म्हणत आले. काल तिथे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं पत्र वाचलं आणि तो शब्द मला टोचायला लागला.

तू पाहिलंस ते टूरो सिनेगॉग 1763 सालचं, अमेरिकेत आज उभ्या असलेल्यांत सर्वांत जुनं. न्यूपोर्ट ज्या ऱ्होड आयलंडमध्ये आहे, त्या वसाहतीची सुरुवातच रॉजर विल्यम्स यांनी केली, आणि त्यांना स्वतःला वेगळ्या मतांपायी मॅसॅच्युसेट्समधून हाकललेलं. धर्माच्या बाबतीत इतकी मोकळी वसाहत दुसरी नव्हती म्हण ना. तरी न्यूपोर्टचे व्यापारी ॲरन लोपेझ यांनी नागरिकत्व मागितलं, तेव्हा 1762 मध्ये ते ख्रिस्ती नाहीत म्हणून नाकारलं. शेवटी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये जाऊन त्यांनी ते मिळवलं. म्हणजे राहू दिलं, धंदा करू दिला, प्रार्थनास्थळ बांधू दिलं, पण बरोबरीला बसवलं नाही.

ऑगस्ट 1790 मध्ये वॉशिंग्टन न्यूपोर्टला आले. तिथल्या ज्यूंच्या वतीने मोझेस सेशास यांनी त्यांचं स्वागत केलं. त्यांना लिहिलेल्या उत्तरात वॉशिंग्टन म्हणतात की एका वर्गाने मेहरबानी म्हणून दुसऱ्याला चालवून घ्यावं, ही भाषा आता संपली. हक्क जन्मजात आहेत. मनू, हे वाचताना माझा गळा दाटून आला. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला होता की बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्या, गुलाम नसलेल्या माणसांनाच नागरिक होता येईल! त्याच नियमाच्या आधारे 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारलं. अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला माणूस तो. भारतीयांना ही वाट उघडली 1946 मध्ये. टूरो सिनेगॉगला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला तोही त्याच वर्षी.

इथे कुणी आपल्याला 'सांभाळून घेतलं' म्हटलं तर मला नाही आवडणार. मग अलिबागच्या लोकांबद्दल मी ते का म्हणावं? ते तिथलेच होते.

रविवारी आजोबांना फोन लावू. शाळेत त्यांच्या बाकावर एक बेने इस्रायल मुलगा बसायचा. तो पुढे इस्रायलला गेला. त्याच्या घरच्या मलिद्याची चव आजोबांना अजून आठवते. तू विचार, सगळं सांगतील.

तुझी आई